चांदी काळी पडेपर्यंत

मिनेको हिराओकाने आपल्या सगळ्यात मोठ्या चित्रावर शिक्का उठवला नव्हता, आणि त्यावरून लोकांनी सहा वर्षं तिचं डोकं खाल्लं होतं. चित्र पुरं झालं की खालच्या कोपऱ्यात नाव लिहायचं, लाल शिक्का उठवायचा आणि मोकळं व्हायचं. अख्खं क्योतो तेच करतं. पण ही बाई म्हणायची, "अजून चित्र पुरं कुठे झालंय?" आता चार सरकत्या दारांवरचं चित्र, मढवून, चौकटीत बसवून, ओहाराच्या पलीकडल्या सेइगेन मंदिराच्या बैठकीत लागलेलं, आणि म्हणे पुरं झालं नाही! लोकांनी काय म्हणावं?

आणि चित्र तरी काय होतं? चारही दारांवर वरपासून खालपर्यंत चांदीचा वर्ख, तळाशी लव्हाळ्याची पाच-सहा पाती. बस्स. पाणी म्हणा, धुकं म्हणा, तुमची मर्जी. मंदिरात बसवण्याआधी चित्रकार मंडळाच्या प्रदर्शनात ते मांडलं, तेव्हा एक परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाला, "हिराओकाबाईंनी कल्हई झकास केलीय. चित्र कधी काढणार?" सगळे हसले. बाई आटली, असं मग उघडच बोलायला लागले. तिच्या सात विद्यार्थ्यांपैकी चार जण त्या वसंतात मिठाईचे डबे घेऊन आले, कमरेत वाकले, आभार मानले आणि दुसऱ्या गुरूकडे गेले. मंडळाचा राजीनामा तिनेच देऊन टाकला. कुणी मागेल याची वाट बघायलाही ती थांबली नाही, मानी बाई.

हे सगळं तिने गिळलं, कारण त्या चांदीत काय आहे ते तिला ठाऊक होतं. त्या चांदीत एक बगळा होता.

शिंपल्याची पांढरी भुकटी सरसात मळून, तिचा गोळा करून, तो शंभर वेळा बशीत आपटून, मग पाण्यात सोडून केलेला पांढरा रंग. त्या रंगाचे हलके, जवळजवळ नसल्यासारखे थर तिने तीन महिने एकावर एक चढवले होते. चांदीवर पांढरा बगळा. चांदी नवी असते तेव्हा चमकते, तीही पांढरीच, म्हणून समोरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. पण चांदी म्हातारी होते. आधी चहाच्या डागासारखी पिवळी पडते, मग तांबूस, मग निळसर, आणि शेवटी किटलीच्या बुडासारखी काळी. तीस वर्षं लागोत, चाळीस लागोत. पाणी काळं होत जाईल आणि बगळा हळूहळू वर येईल. कुणी ब्रश न लावता.

चांदी काळी पडते म्हणून बाकीचे चित्रकार तिला घाबरतात. तुरटी घातलेलं सरसाचं पातळ पाणी वरून फिरवून तिचं तोंड कायमचं बंद करून टाकतात. मिनेकोने तेच केलं नव्हतं. मंदिराच्या थोरल्या गुरुजींनी काम सांगतानाच म्हटलं होतं, "माझ्या देखत पुरं होणार नाही असं काहीतरी काढ बाई. पुरं झालेलं बघून बघून मला कंटाळा आलाय." मग हिने त्यांच्या कानात सांगितलं, बगळा काढते. म्हातारबुवा इतके हसले की खोकल्याची उबळ आली. पहिला पिवळा डाग दिसला की शिक्का उठवायचा, असं दोघांचं ठरलं.

ही गोष्ट तिसऱ्या एकाच माणसाला ठाऊक होती, तो म्हणजे इवाओ.

इवाओ चित्रं मढवणारा. कागदाला मागून कागद चिकटवायचा, लाकडी चौकटीवर ताणायचा, दारं करायची, गुंडाळपट करायचे, हा त्याच्या घराचा चौथ्या पिढीचा धंदा. मिनेकोची पस्तीस वर्षांची चित्रं त्याच्याच हातून गेली होती. डावखुरा, तोंडाळ, साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, शौकीन. मिनेकोचा नवरा गेल्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो तिच्याकडे जेवायला यायचा. भाजलेला मासा, मिसोचं सार, सलगमाचं लोणचं, आणि दोन बाटल्या तो स्वतः आणायचा. बगळ्यासाठी तिने शिंपल्याचा गोळा शंभर वेळा आपटला, तेव्हा समोर बसून आकडे मोजायला हाच होता. चौऱ्याहत्तरनंतर शहात्तर म्हणाला म्हणून तिने त्याला रागावून पहिल्यापासून मोजायला लावलं होतं.

दारं मंदिरात बसली, वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली, पण पिवळेपणाचं नाव नाही. मिनेको दर सप्टेंबरात जायची, बघायची, परत यायची आणि रविवारी इवाओला विचारायची, "का रे होत नाही?"

"अगं डोंगरावरची हवा ती," इवाओ मासा सोलता सोलता म्हणायचा. "मोटारी नाहीत, गरम पाण्याचे झरे नाहीत. चांदी काळी पडायला हवेत जरा घाण लागते, मिने. तिथे तुला घाण कोण देणार? थोरले गुरुजी?"

ती हसायची. पुढच्या वर्षी पुन्हा विचारायची, आणि तो पुन्हा काहीतरी सांगायचा. कधी म्हणायचा खोली कोरडी आहे, कधी म्हणायचा हल्ली तो वर्खवाला चांदी जास्त शुद्ध देतो. तिला पटायचं. का पटू नये? चांदीबद्दल जेवढं तिला कळायचं, त्याहून त्याला जास्त कळायचं.

मग थोरले गुरुजी गेले. त्यांचं वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा धाकटे गुरुजी, म्हणजे त्यांचा मुलगा शोएन, म्हणाला, "बाई, बाबांची एकच गोष्ट राहिलीय. त्या दिवशी सगळी मंडळी येतील, तेव्हा शिक्का उठवा." मिनेकोने आधी नाही म्हटलं. मग रविवारी इवाओने तिला समजावलं. म्हणाला, "हातातला कंप बघ तुझा. पिवळा डाग येईपर्यंत तुला शिक्का धरता तरी येईल का? उठवून टाक आणि सुटी हो." हात खरंच कापायला लागला होता. बगळ्याच्या मानेची ती एका श्वासात ओढलेली रेघ आता तिला सात जन्मांत जमली नसती. तिने मान्य केलं. उलट तिला बरंच वाटलं, की बाबा रे, आपली काळजी करणारं कुणीतरी आहे.

डिसेंबरातला तो दिवस. विधी दहाला होता. मिनेको आठलाच पोचली, कारण तिला चित्रासमोर जरा एकटीने बसायचं होतं. शोएनच्या बायकोने रॉकेलची शेगडी पेटवून दिली, चहा ठेवला आणि ती स्वयंपाकघरात पळाली. तीस माणसांचं जेवण होतं.

मिनेको नेहमीच्या जागी बसली. पहिल्या दाराच्या अगदी कडेला, खांबाला टेकून. समोरून बगळा दिसत नाही, पण ह्या खांबाजवळून, तिरकं बघितलं आणि उजेड बरा असला, तर पांढऱ्या रंगाचा किंचित उठाव दिसतो. थोरले गुरुजी ह्याच दाराला पाठ करून बसायचे, त्यांच्या टकलाच्या बरोबर वर बगळ्याची चोच. ह्या गोष्टीवरून दोघं लहान मुलांसारखी हसलेली.

पण आज उजेड वेगळाच होता. ओसरीपुढे जुना देवदार होता, तो ऑक्टोबरातल्या वादळात पडला होता आणि तिला ते आत येताना लक्षातही आलं नव्हतं. सहा वर्षांत पहिल्यांदा सकाळचं ऊन आडवं, थेट चांदीवर आलं. मिनेकोला तिचा बगळा दिसला. मान, पाठ, वर घेतलेला एक पाय, सगळा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिला दुसरंही दिसलं.

बगळ्यावरून पट्टे गेले होते. वीतभर रुंदीचे, आडवे, एकाखाली एक, कडेला कडा चढलेली. रुंद ब्रशने काहीतरी पातळ फिरवलं आणि ते वाळलं की राहतात तसे. आधी तिला वाटलं डोळे ओले आहेत म्हणून असं दिसतंय. तिने ते बाहीने पुसले. पट्टे तिथेच. ती उठली, गुडघे कुरकुरले, दुसऱ्या दाराकडे गेली, तिसऱ्याकडे गेली. चारही दारांवर तेच. तुरटीचं पाणी. तिच्या चांदीचं तोंड कुणीतरी बंद करून टाकलं होतं.

कोणी, हे शोधायला तिला फार वेळ लागला नाही. ब्रश जिथे टेकतो तिथे थेंबभर जास्त पाणी उतरतं आणि तिथली कडा जाड राहते. उजव्या हाताचा माणूस डावीकडून सुरुवात करतो. हे सगळे पट्टे उजवीकडून सुरू झाले होते. पस्तीस वर्षं ती त्या डाव्या हाताला काम करताना बघत आली होती.

ती परत खांबाशी येऊन बसली. चहा गार झाला. सहा वर्षांचे पहिले रविवार तिच्या डोळ्यांपुढून जायला लागले, एकेक करून. डोंगरावरची हवा. कोरडी खोली. शुद्ध चांदी. मासा सोलत, लोणचं चावत, तिच्याच ताटात जेवत हा माणूस तिच्या तोंडावर सांगत होता. मंडळ हसलं ते तिला लागलं नव्हतं इतकं हे लागलं. ते परके होते, त्यांना ठाऊक नव्हतं. ह्याने केसाने गळा कापला होता.

साडेनऊला इवाओ आला. काळा सूट, हातात लाल लुकणाची, म्हणजे घट्ट शाईची, चिनी मातीची डबी. शिक्क्यासाठी ती त्याने खास घरून आणली होती, वडिलांच्या वेळची.

"अरे वा, बाई आधीच हजर!" तो ओसरीवरूनच म्हणाला. "हात गरम ठेव हां. शिक्का वाकडा उठला तर सहा वर्षांनी उठवून तोही वाकडा, म्हणतील लोक."

"इवाओ, इथे ये. माझ्या शेजारी बस."

"काय झालं?"

"बस म्हणते ना."

तो बसला. तिने बोटाने पलीकडच्या दारांवरचे पट्टे दाखवले. पहिल्या दारावरून ऊन सरकलं होतं, पण तिथे अजून होतं. इवाओने बघितलं आणि डबी खाली ठेवली. त्याने काय आहे, कुठे आहे, असलं नाटक केलं नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

"तो देवदार पडायला नको होता," तो म्हणाला.

"एवढंच बोलणार?"

"मिने, माझं ऐकून घे. माझ्या वडिलांनी एका शेठच्या घरचा चांदीचा पडदा मढवला होता. तो सात वर्षांत काळा ठिक्कर पडला. मी चौदा वर्षांचा होतो. त्या शेठने वडिलांना बोलावून घेतलं आणि वडील त्याच्या अंगणात कपाळ टेकून पडले. दगडांवर. मी मागे उभा होतो. तेव्हापासून आमच्या दुकानातून चांदी उघडी बाहेर गेली नाही. एकदाही नाही."

"मग मला सांगायचं. मी दुसऱ्याकडे दिलं असतं."

"तू दुसऱ्याकडे दिलं असतंस, म्हणूनच नाही सांगितलं!" तो चिडलाच. "मला ते हवं होतं. तुझं सगळ्यात मोठं काम आणि ते दुसऱ्याच्या दुकानात मढवलं जाणार? पण वीस वर्षांनी ते काळं पडल्यावर लोक काय म्हणतील? हिराओकाबाईंचं डोकं काय चाललं, असं कोण म्हणणार? इवाओच्या दुकानाने चित्र नासवलं, असंच म्हणतील. तोपर्यंत तू नाहीस, मी नाही. बगळ्याची गोष्ट सांगायला कोण राहणार होतं?"

"बगळाच सांगणार होता, मूर्खा. तेवढ्यासाठीच तर काढला होता."

आत कुणीतरी ताटल्या मांडत होतं, त्यांचा आवाज येत होता.

"सहा वर्षं मी तुला विचारत होते," ती म्हणाली. "एकदा तरी जीभ अडखळली असती तुझी."

"पहिल्यांदा सांगणारच होतो. पण तू इतकी उत्सुकतेने विचारलंस. मग दुसऱ्यांदा आणखी अवघड झालं." त्याने मान खाली घातली, आणि मग, गप्प बसला असता तर बरं झालं असतं, पण त्याला ते कधी जमलं होतं? तो म्हणाला, "खरं सांगू, मिने? असंच छान आहे ते. निर्मळ पाणी. लोक येतात, बसतात, शांत वाटतं म्हणतात. त्या बगळ्याची उणीव कुणालाच भासत नाही."

मिनेकोने त्याच्याकडे बघितलं. तिला ओरडावंसं वाटलं, डबी उचलून अंगणात भिरकावावीशी वाटली. तिने फक्त विचारलं, "काढता येईल का ते?"

"गरम पाण्याने भिजवून टिपावं लागेल. पण..."

पण काय, ते तिलाही कळत होतं. वरचं तुरटीचं पाणी हट्टी, खालचा शिंपल्याचा रंग हळवा. गरम पाणी लागलं की आधी बगळाच निघून येईल. झाकलेला ठेवला तर कुणाला कधी दिसणार नाही, उघडायला गेलं तर उरणार नाही. आणि पुन्हा काढायला तो हात आता तिच्याकडे नव्हता.

"ब्रश बगळ्यावरून गेला, तेव्हा हात थांबला नाही तुझा?"

"एवढं कोण बघतं गं? ते पाणी वाळायच्या आत भराभर ओढावं लागतं."

ऊन वर सरकलं आणि चांदी पुन्हा सपाट, पांढरी झाली.

दहाला मंडळी जमली. बहुतेक गावातली म्हातारी माणसं, मंदिराच्या जुन्या घराण्यांतली. पाठ झाला, उदबत्त्या लावून झाल्या. मग शोएन उठला आणि बाबांचं आणि बाईंचं कसं ठरलं होतं ते त्याला ठाऊक होतं तेवढं बोलला, म्हणजे फारसं नाही. "बाबा म्हणायचे, हे चित्र पुरं व्हायचंय. आज हिराओकाबाई ते पुरं करतील." इवाओने लुकणाची डबी उघडून दोन्ही हातांनी पुढे केली. चेहरा पांढराफटक, पण हात स्थिर.

मिनेकोने बाहीतून शिक्का काढला आणि ती लोकांकडे वळली.

"शिक्क्याआधी एक सांगायचंय. ह्या चित्रात एक बगळा आहे."

कुजबुज झाली. पुढे बसलेल्या एका आजीने चष्मा चढवला. "कुठंय गं?" तिने शेजारणीला विचारलं, चांगलं मोठ्याने.

"तो दिसत नाही. मी तसाच काढलाय. थोरल्या गुरुजींना ठाऊक होता, ते गेले. आता मी सोडून एकाच माणसाला ठाऊक आहे, ज्याने हे चित्र मढवलं त्याला. पंधरा दिवस चित्र त्याच्या दुकानात होतं. त्याने त्याच्या इंच न् इंच जागेवरून हात फिरवलाय." ती इवाओकडे वळली. आवाज अगदी साधा, मीठ दे म्हणावं तसा. "इवाओ, ह्यांना दाखव ना. बोट ठेव बगळ्यावर."

इवाओ दारांपुढे उभा राहिला. पहिल्या दारावरून त्याची नजर गेली, दुसऱ्यावर गेली, परत आली. तो पुढे झाला, मागे झाला, मान तिरकी करून बघितलं. पस्तीस वर्षं मुरलेला कारागीर, आणि कपाळावर घाम. एकदा त्याने मिनेकोकडे बघितलं, पण तिचा चेहरा चांदीसारखाच कोरा होता. शेवटी तो तिसऱ्या दाराशी गेला, जिथे लव्हाळं जरा दाट होतं, जिथे कुणीही शहाण्या माणसाने बगळा काढला असता. तिथे त्याने डावं बोट टेकवलं.

तिथे पाणीच होतं.

मिनेको क्षणभर त्या बोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरोबर. तिथेच आहे."

इवाओने सुटकेचा श्वास सोडला. अख्ख्या खोलीने सोडला. माना पुढे झाल्या, मोबाईल निघाले. "ती बघ मान!" एक जण म्हणाला. "हो की, आता दिसली," चष्म्यातली आजी म्हणाली. शोएनने हात जोडले.

"शिक्काही तूच उठव," मिनेको म्हणाली आणि तिने शिक्का इवाओच्या हातात ठेवला. "बगळ्याच्या पायाशी. माझा हात कापतो."

त्याने उठवला. सरळ उठला, नीट, लाल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने आपल्याला माफ केलं असं इवाओला वाटलं असावं, कारण त्याचे डोळे भरून आले. पुढच्या रविवारी साके कुठली आणू, असं त्याने हळूच विचारलंही. ती म्हणाली, "आता येऊ नकोस." तो काही बोलायच्या आत शोएनच्या बायकोने जेवायला चला म्हणून हाक मारली आणि सगळे उठले.

मंडळी गेल्यावर खोलीत मिनेको एकटीच राहिली. ती पहिल्या दाराशी गेली, थोरले गुरुजी बसायचे तिथे बसली, त्यांच्यासारखीच दाराला पाठ करून. बगळा आता तिच्या डोक्याच्या बरोबर वर होता, आणि जगात तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता. आतून तिसऱ्यांदा हाक आली, तेव्हा ती उठून जेवायला गेली.